चौथा मुद्दा

मार्च उजाडला की आमच्या इमारतीमागच्या सावरीची बोंडं तडकतात आणि मग कितीतरी दिवस घरात कापूस उडत राहतो. चहाच्या कपात, देवाच्या ताम्हनात, वाळत घातलेल्या साड्यांवर. खालच्या मजल्यावरच्या बाई ते झाड तोडून टाका म्हणून महापालिकेला सांगून सांगून दमल्या. मला त्या कापसाचं कौतुक आहे असंही नाही. पण तो आला म्हणजे परीक्षा आल्या हे माझ्या हाडांत इतकं मुरलंय की निवृत्त होऊन जमाना झाला तरी कापूस दिसला की मी उगाच लाल शाईचं पेन शोधायला लागते. पूर्वी आमच्याकडे कापूस दोन्ही बाजूंनी यायचा. झाडाचा उन्हाळ्यात, आणि परळ-लालबागच्या गिरण्यांचा बारा महिने. पाळी सुटली की माणसं केसांत, भुवयांत तूस घेऊन घरी जायची. आता गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि झाडाचा तेवढा कापूस उरलाय.

या वर्षी परीक्षेसाठी माझ्या भावाची नात, मनवा, माझ्याकडे राहायला आली आहे. बी.ए.ला इतिहास घेतलाय. परवा दुपारी हातात एक गाईड घेऊन आली नि म्हणाली, "आजी, माझं पाठ घे ना."

"इतिहास पाठ करतात होय गं?"

"मग काय करतात?"

मी गाईड हातात घेतलं. प्रकरण होतं अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधीच्या वादाचं: मुक्त श्रम विरुद्ध गुलामगिरी. गुलामगिरीचे फायदे पाच, तोटे सहा. म्हणजे एका मुद्द्याने माणुसकी जिंकली म्हणायची. मनवा डोळे मिटून, पुढेमागे डुलत घडाघडा म्हणायला लागली. पहिला मुद्दा, दुसरा, तिसरा. आणि चौथा: "संध्याकाळी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मालक कधी रिकाम्या हाताने परत पाठवत नसे. त्याच्या म्हातारपणाची काळजी मालकाला असे, कारण तो घरचाच होता."

"थांब," मी म्हणाले.

हे वाक्य अमेरिकेतलं नाही. तिकडच्या कुठल्याही मळेवाल्याने ते उच्चारलेलं नाही. ते सुलोचना सकपाळ नावाच्या माझ्या विद्यार्थिनीचं आहे. परळच्या एका कॉलेजच्या स्टेजवर, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत, कोकणातल्या एका खोताचं सोंग घेऊन त्या खोताचं हसं करण्यासाठी ती ते बोलली होती. मी गाईडचं मुखपृष्ठ पाहिलं. लेखक, कै. प्राचार्य करंबेळकर. सुधारून वाढवणारे, त्यांचे चिरंजीव. बापाने चोरलं, मुलाने वाढवलं, आणि मुंबईतल्या पोरी-पोरांनी किती वर्षं ते घोकून मार्क मिळवले देव जाणे. मी इतकी चिडले की मनवाने मला पाणी आणून दिलं.

त्या करंबेळकरांबद्दल मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलणं मला जमणार नाही. तेव्हा ते आमच्या कॉलेजचे उपप्राचार्य आणि इतिहास विभागाचे प्रमुख. कॉलेज भोईवाड्याच्या अंगाला, सकाळचं. पोरं पहाटे यायची, अकराला सुटून कोणी कचेरीत, कोणी दुकानात, कोणी दुसऱ्या पाळीला गिरणीत. सर उभे राहून नोट्स सांगायचे. नोट्सचे कागद पिवळे पडलेले, कडा कुरतडलेल्या. पोरं म्हणायची की सरांच्या लग्नाच्या आधीच्या आहेत. मध्येच एक विनोद असायचा, तोही नोट्समध्येच लिहिलेला. त्या जागी सर थांबायचे, पोरं हसायची, सर पुढे जायचे. या माणसाला लढाया फार आवडायच्या. अमेरिकेच्या इतिहासातून त्यांनी लढाया स्वतःकडे ठेवल्या आणि लढाईच्या आधीचा सगळा वाद, कोण कोणाला कशासाठी राबवत होतं तो, माझ्याकडे ढकलला. "तुम्ही नवीन आहात, तुम्हाला चर्चाबिर्चा आवडते," असं म्हणून. मी गिरगावातून रोज ट्रामने येणारी, नुकती एम.ए. झालेली पोरगी. मला वाटलं, सरांनी मोठा विश्वास टाकला. सरांना नुसता कंटाळा आला होता.

तेव्हाच्या मुंबईत गुलामगिरी हा शब्द फार स्वस्त झाला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणजे आपण गुलाम, दिल्ली ऐकत नाही म्हणजे आपण गुलाम, आपल्या पोरांवर गोळ्या झाडल्या म्हणजे आपण गुलाम. मीही ओरडले आहे सभांमधून, घसा बसेपर्यंत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मुंबई मिळायलाच हवी होती. ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांच्याबद्दल मी अवाक्षर बोलणार नाही. पण गोळ्या खाणारे बहुतेक चाळीतले, गिरणीतले होते, आणि व्यासपीठावर गुलामगिरीच्या शृंखला खळाखळा तोडणारे आमचे करंबेळकर होते. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानात सरांचं भाषण. कामगार हा महाराष्ट्राचा कणा, असं म्हणताना त्यांचा आवाज कापायचा. सोमवारी वर्गात एखाद्या पोराला पाळीमुळे उशीर झाला की हाच कणा दाराबाहेर उभा असायचा.

माझे तास इंग्रजीत चालायचे आणि समजूत मराठीत पटायची. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा युक्तिवाद मी आधी शिकवला, कारण तो ऐकायला फार गोड आहे. ते म्हणायचे, तुमच्या उत्तरेतल्या गिरण्यांत माणूस राबतोय तोवर त्याला मजुरी, आजारी पडला की रस्त्यावर. आमचा गुलाम म्हातारा झाला तरी त्याच्या ताटात अन्न असतं. तुम्ही माणसाला तासांनी भाड्याने घेता, आम्ही त्याला जन्मभर सांभाळतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा आमच्या जॉबरपेक्षा गोड बोलतो."

जॉबर म्हणजे गिरणीत माणसं भरणारा मुकादम. वर्ग हसला. मग उत्तरेचं म्हणणं. तिथे श्रम मुक्त. आज दुसऱ्याकडे मजुरी कर, चार पैसे गाठीला बांध, उद्या स्वतःचं शेत घे, परवा स्वतःच मजूर ठेव. जो जन्मभर मजूर राहिला त्याचा स्वतःचाच काहीतरी दोष. वरळीच्या कोळीवाड्यातला मोरेश्वर उभा राहिला. धिप्पाड पोरगा, आई दादरच्या बाजारात मासळी विकायची, आणि याच्या वह्यांनाही तो वास असायचा. म्हणाला, "बाई, माझा मामा जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी हाय. त्याचा परवा अजून उजाडला नाय."

त्यावर वर्ग आणखी हसला, आणि मीही. मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं, त्या वादातल्या दोन्ही बाजूंची तोंडं रेशमी रुमालाने पुसलेली होती. मळेवाल्याला गुलामाची माया नव्हती, त्याला कापसाची माया होती. उत्तरेतल्या गिरणीवाल्याला मुक्त श्रमाचा अभिमान होता, आणि तो मुक्त श्रम ज्या कापसाचं सूत कातत होता तो गुलामाने वेचलेला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान. आपल्याकडेही त्या युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईतल्या कित्येक शेठजींची घरं वर आली. कोणाच्या पाठीवरचे वळ होते ते, कोणी विचारलं नाही.

सुलोचना दुसऱ्या बाकावर बसायची. डिलाईल रोडच्या चाळीतली. वडील गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या. तिच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा दोन हिवाळे झाले नव्हते. मूर्ती लहान, आवाज मात्र भोंग्यासारखा, आणि नकला करण्यात पटाईत. माझी नक्कल ती माझ्या पाठीमागे करते हे मला ठाऊक होतं. खूप चांगली करायची म्हणतात. गरीब गाय अजिबात नव्हती. अक्षर भयंकर, सनावळीत नेहमी गोंधळ, आणि चूक दाखवली की वाद घालायची. त्या तासाला तिने विचारलं, "बाई, गुलाम पळून उत्तरेत जात होते ना?"

"हो."

"मग उत्तरेतला कोण पळून दक्षिणेत गेला का, गुलाम व्हायला? एवढी जर भाकरीची सोय होती तर?"

मी म्हटलं, नाही, असं कोणी गेल्याचं माझ्या वाचनात नाही.

"आणि पळून उत्तरेत गेलेल्यांना तिथल्या गिरणीत घेत होते?"

बहुतेक ठिकाणी नाही, मी सांगितलं. गोरे कामगार त्यांच्या शेजारी उभे राहायला तयार नसत. तिने मान हलवली. "म्हणजे साचेखातं," ती म्हणाली.

वर्गातल्या गिरणगावातल्यांना ते लगेच कळलं आणि शिवाजी पार्ककडचे एकमेकांकडे बघायला लागले. मग मोरेश्वरनेच त्यांना सांगितलं. साचेखातं म्हणजे कापड विणायचं. तिथे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात नवी कांडी भरली की सूत धोट्याच्या भोकातून बाहेर घ्यावं लागतं. ते तोंड लावून ओढून घ्यायचे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून साचेखात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे सुलोचनाच्या माणसांना वर्षानुवर्षं घेतलंच नाही. त्यांनी सूत कातायचं, त्या सुताला कोणाचा विटाळ नाही. तेच सूत धोट्यात गेलं की विटाळ. तिच्या वडिलांची उमेद या रिंगखात्यातच सरली. त्यांना कोणी साखळीने बांधलं नव्हतं. हवं तेव्हा गिरणी सोडून जायला ते मुक्त होते, फक्त शेजारच्या दारातून आत जायला नव्हते. अमेरिकेतल्या त्या वादात हा मुद्दा कुठल्याच बाजूने नीट मांडलेला नाही, आणि माझ्याजवळच्या जाड जाड इंग्रजी पुस्तकांतही तो मला सापडला नव्हता.

कॉलेजच्या इतिहास मंडळाची दर वर्षी टर्म संपण्याआधी वादसभा व्हायची. बाजू सर ठरवणार, आणि जी बाजू मिळेल ती मांडायलाच हवी, हा मंडळाचा नियम. त्या वर्षी चळवळीच्या उत्साहात सरांनी जाहीर केलं की वादसभा मायमराठीत होईल. विषय, गुलामाची स्थिती मुक्त मजुरापेक्षा बरी होती का. मुक्त श्रमाची बाजू त्यांनी शिवाजी पार्कच्या दोन गोऱ्यागोमट्या पोरांना दिली. त्यांनी जन्मात मजुरी केलेली नव्हती. आणि गुलामगिरीची बाजू सुलोचनाला.

"तू गिरणगावातली," सर तिला म्हणाले. "गिरणी कामगारांची दुःखं तुझ्याइतकी कोण सांगणार?"

म्हणजे बापाचं दुःख मांडायला जागा द्यायची ती मळेवाल्याच्या खुर्चीत बसवून. सरांना यात काही चुकतंय असं वाटलं नाही. त्यांना ते मोठं समर्पक वाटलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ते आम्हाला दोनदा सांगितलं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी वाहवा म्हणून चहाचे घोट घेतले.

तास संपल्यावर सुलोचना माझ्यापाशी आली. चेहरा लाल. "बाई, मी गुलामगिरीच्या बाजूने बोलू? माझा आजा खोताकडे वेठीला होता. लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं, कोण मेलं की गावोगाव सांगत जायचं. आणि संध्याकाळी दारात उभं राहायचं, लांब, हात पसरून, मग वरून भाकर टाकणार. ती पण भाकरीची सोयच होती ना बाई? म्हातारपणी पण टाकायचे. खोत हेच सांगायचा सगळ्यांना, आमची माणसं सुखी आहेत म्हणून."

कोकणात खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा आणि त्या जोरावर गावातल्या जमिनीवर नि माणसांवर हक्क सांगणारा. स्वातंत्र्यानंतर कायद्याने खोत्या गेल्या, पण खोतांच्या घरांतून त्या अजून गेलेल्या नव्हत्या. मी म्हटलं, "बाजू मांडायची हा नियम आहे ना? पण ती कोणाच्या तोंडून मांडायची, असा काही नियम नाही."

ती अशी हसली की मला त्या पोरीची जरा भीतीच वाटली.

वादसभेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत प्राध्यापक, पाहुणे, आणि मधोमध टोपी घातलेले करंबेळकर. शिवाजी पार्कचे दोघे मुक्त श्रमावर सुरेख बोलले, शब्दन् शब्द पाठ. मग सुलोचना आली. तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला, उपरण्यासारखा. पोट पुढे काढलं. खाकरली, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतल्यासारखं केलं आणि म्हणाली, "मंडळी, मी खोत बोलतोय."

गॅलरीत हशा उसळला. पुढे खोत बोलत राहिला. आमच्या गावात कोणी उपाशी झोपत नाही. ते मुंबईचं गिरणीचं खूळ तुम्ही काढलंत आणि माणसं बिघडवलीत. संध्याकाळी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मी कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. घरचाच होता तो. घरचा म्हणूनच घरात घेतला नाही, घरच्या माणसाला आतबाहेर कशाला. म्हातारा झाला तरी भाकर टाकली, वरूनच टाकली, वाकायला लागू नये म्हणून. हा हशा मात्र अर्ध्यात तुटला. खोत पुढे म्हणाला, जा तुमच्या त्या मुक्त गिरणीत. सूत कातायला घेतील तुला. पण धोट्याला तोंड लावू देतील का, विचार त्यांना. आम्ही निदान उघड बांधतो रे बाबांनो, तुम्ही मोकळं सोडून दार लावून घेता. आता गॅलरीत कोणी हसत नव्हतं. मोरेश्वर खाली मान घालून बसला होता. त्या वयापर्यंत मी इतकं खरं काही कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आणि करंबेळकर रडत होते. खरोखर रडत होते, टोपी काढून, रुमालाने डोळे टिपत. मला क्षणभर वाटलं, या माणसाबद्दल माझा ग्रह चुकीचा होता. मग ते स्टेजवर गेले. त्यांचं घराणं दापोलीकडच्या खोतांचं आहे हे मला तेव्हा कळलं.

"आज मला माझे आजोबा भेटले," सर म्हणाले. "तेच शब्द, तीच माया. आमच्या जुन्या गावांत केवढा जिव्हाळा होता, हे त्याच समाजातल्या मुलीच्या तोंडून ऐकायला मिळालं. माझी सारी हयात सार्थकी लागली."

पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. शिकलेली माणसं, सगळी. वाकायला लागू नये म्हणून भाकर वरून टाकली, हे वाक्य त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्यांना त्यात माया ऐकू आली. त्यांच्या घरी ते तसंच सांगितलं जात असणार. आपलंच तोंड दुसऱ्याने वेडावून दाखवलं तर माणसाला राग येतो. यांना लळा लागला. सरांनी पहिलं बक्षीस तिला जाहीर केलं. सुलोचना माइकपाशी परत आली.

"सर, एक सांगू? मी दक्षिणेची बाजू मांडली, नियम होता म्हणून. ते खोताचं बोलणं होतं. माझा आजा वेगळं बोलला असता. त्याला कोणी विचारलं नाय कधी."

सर हसले, बक्षिसाचा कप तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "विनय आहे पोरीला."

यानंतर चार-सहा दिवसांनी मी टर्मचे कागद द्यायला सरांच्या खोलीत गेले तेव्हा ती तिथे उभी होती. टर्म म्हणजे काय ते आजच्या पोरांना माहीत नसेल. हजेरी आणि वागणूक बरी होती असं कॉलेजने लिहून दिलं तरच विद्यापीठाच्या परीक्षेला बसता यायचं. त्या कागदावर सही उपप्राचार्यांची. नाही मिळाली तर वर्ष गेलं. आणि डिलाईल रोडच्या पोरीला गेलेलं वर्ष परत मिळत नसतं. घरात धाकटी भावंडं असतात, वडील थकलेले असतात, चाळीतल्या लोकांचे सल्ले असतात. तिच्या चाळीतली बी.ए.च्या परीक्षेपर्यंत पोचलेली ती पहिलीच होती.

सर फार प्रेमाने बोलत होते. "तुझं भाषण आपण कॉलेजच्या वार्षिकात छापतोय. सुरुवातीचं ते 'मी खोत बोलतोय' तेवढं काढलंय, ते नाटकी वाटतं. आणि ते धोट्याचंही, ते विषयाला सोडून आहे. खाली तुझं नाव नि तुझी सही. संयुक्त महाराष्ट्रात सगळ्या समाजांनी एक व्हायचंय, त्यात तुझ्यासारखीचा हा सूर फार मोलाचा आहे."

"ते काढलं तर सर, मग ते मीच बोलतेय असं होईल."

"बोललीसच की तू."

"मी नाय सही करणार."

सरांनी चष्मा काढला. "तुझी हजेरीही कमी भरतेय. मोर्च्यांच्या दिवसांत तू गैरहजर आहेस."

"सर, मोर्च्याला तुम्ही पण होतात."

"मी बोलायला होतो," सर म्हणाले.

हे वाक्य मी आजवर कितीजणांना सांगितलं असेल. ऐकणारे हसतात, मला हसू येत नाही. मी प्राचार्यांकडे गेले. ते सज्जन होते, म्हणजे कोणाच्याच अध्यात-मध्यात नसलेले. म्हणाले, "मुलीला सांगा ना, एक सही तर करायची आहे." मी सुलोचनाला हे सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही काय म्हणता बाई?" मी म्हटलं, "नको करू." मग ती रडली. खोताच्या आवाजात नव्हे, स्वतःच्या, आणि ते लवकर थांबेना. "आता काय सांगू घरी?" एवढंच म्हणत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, कॉलेज सुटायच्या वेळी, आमचा सगळा वर्ग सरांच्या खोलीसमोरच्या जिन्यावर बसला. मोरेश्वर सगळ्यांत वरच्या पायरीवर, दार अडवून. कोणाची कचेरी, कोणाची पाळी बुडत होती. शिवाजी पार्कचे दोघेही बसले होते, हे मला सांगायलाच हवं. सुलोचना एका कडेला बसून वही उघडून सनावळी पाठ करत होती, कारण सही मिळाली तर परीक्षा आठवड्यावर होती. सर छत्री घेऊन दारात आले आणि कडाडले. मोरेश्वर म्हणाला, "सर, तुम्हीच बोललात ना परवाच्या सभेत, न्याय मिळत नाय तवर हलायचं नाय. आमी हितंच बसतो."

"हे कॉलेज आहे!"

"मग शिकवलेलं हितंच वापरायला पाहिजे ना सर."

कोणीतरी मागून चळवळीची घोषणा दिली, फक्त मुंबईच्या जागी सकपाळची टर्म. मिळालीच पाहिजे! सारा जिना ओरडला. खाली रस्त्यावर भोईवाड्यातली माणसं जमायला लागली, वर बघत विचारायला लागली, कोणाची टर्म अडवली, कोणी अडवली, ते भाषणवाले सर का? रविवारी याच माणसांना सर व्यासपीठावरून महाराष्ट्राचा कणा म्हणणार होते. मी जिना उतरता उतरता पोरांच्या मध्येच पायरीवर टेकले.

"तुम्हीसुद्धा?" सर म्हणाले.

"पाय दुखतात हो सर," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. भिंतीला कागद टेकवून, उभ्या उभ्या, आणि सही करताना आपण नेहमीच विद्यार्थ्यांच्या बाजूचे कसे आहोत ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. खालच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सुलोचनाने कागद घेतला, वाचला, घडी घालून वहीत ठेवला आणि पुन्हा सनावळी म्हणायला लागली. वार्षिकात भाषण छापलं गेलं नाही. ती पास झाली, सनावळीत गोंधळ घालूनच, आणि पुढे जन्मभर महापालिकेच्या शाळेत शिकवलं तिने. नोट्स कधी सांगितल्या नाहीत म्हणे. मोरेश्वर वकील झाला.

आणि करंबेळकरांनी ते भाषण जपून ठेवलं, सही नसलेलं. जे त्यांना तिच्या नावाने छापता आलं नाही ते त्यांनी कोणाचंच नाव न घालता गाईडात मुद्दा म्हणून छापलं. त्यांना ते खरंच वाटत होतं, हे मला जास्त झोंबतं. लबाडाला एकदा तरी लाज वाटण्याची शक्यता असते.

परवा मी सुलोचनाला फोन लावला. आता तीही निवृत्त, गुडघे दुखतात, आवाज तोच. मनवा शेजारी गाईड घेऊन बसली होती, तिलाही ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला. सांगितलं, तुझं वाक्य छापलंय, फायद्यांत, चौथ्या क्रमांकावर. मला वाटलं, उगाच सांगितलं. मग फोनमधून कोणीतरी खाकरलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं, आणि खोत बोलायला लागला. सगळं, पहिल्यापासून. घरचा म्हणूनच घरात घेतला नाही इथे मनवा खिदळली. वाकायला लागू नये म्हणून वरून टाकली, इथे तिचं हसू थांबलं. धोट्यापाशी तिने गाईड मिटून मांडीवर ठेवलं.

खोत संपला. सुलोचना धापा टाकत होती, वय झालंय. मनवाने हळूच विचारलं, "मग मी काय करू? पेपरात हा मुद्दा गाळू का?"

"गाळू नको," सुलोचना म्हणाली. "ते असंच बोलायचे, तिकडं पण नि हितं पण. लिही तू. फक्त कोण बोलतंय ते आधी लिही."

मनवाने गाईड पुन्हा उघडलं. पानावर सावरीचा कापूस येऊन बसला होता, तो फुंकून टाकला. माझं लाल शाईचं पेन उचललं आणि चौथ्या मुद्द्याच्या आधी, समासात जेमतेम मावेल अशा अक्षरात लिहिलं, "मालक म्हणत की".